मधे बोलणारी बाई

१३ जानेवारी, मंगळवार

अहोंच्या डोळ्यांची तपासणी. रिंगरोडवरचा मोठा दवाखाना. त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, बाकावर बसवलं, आणि मी रिकामी.

शेजारच्या काउंटरवर एक म्हातारी सांगत होती, "नातीच्या पोटात दुखतंय, काय खाईना पोरगी." काउंटरवरची मुलगी कानडीत विचारतेय, नाव काय, वय काय. म्हातारी पुन्हा तेच, आणखी मोठ्यानं. मग ती मुलगीही मोठ्यानं. दोघींनाही वाटत होतं समोरची बहिरी आहे. मला राहवेना, मधे घुसले. हिचं तिला, तिचं हिला. केसपेपर झाला, डॉक्टर झाले, ॲपेंडिक्स निघालं, नातीला वर नेलं. तोवर म्हातारीनं माझा हात सोडला नाही.

परत आले तर अहो डोळे मिटूनच म्हणाले, "तू दिसत नव्हतीस, पण आवाज ऐकू येत होता. टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर बसायचीस, तसाच."

निघताना हेल्प डेस्कच्या ग्रेसी सिस्टरनी फोन नंबर घेतला. सांगली-सोलापूरकडचे पेशंट खूप येतात, अम्मा तुम्ही मंगळवार-शुक्रवार याल का? पगार नाही, फक्त ऊटा, म्हणजे जेवण. म्हटलं, विचार करून सांगते. रिक्षात बसेपर्यंत विचार झाला होता.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. समोरच्या जयम्मा अक्कांकडून एळ्ळु-बेल्ला आला, आमचा तिळगूळ त्यांच्याकडे गेला.

पुण्याहून प्रसादचा फोन. त्याच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होतोय. "आई, आता तरी या इकडे. बाबांचे डोळे, तुझे गुडघे. आणि तिथे आता तुमचं आहे कोण?"

पोराचं चुकत नाही. नातेवाईक म्हणावेत तर कोणी नाहीत. माझे बाबा मिरजेहून इथल्या कारखान्यात नोकरीला आले, मी इथेच जन्मले, कानडी शाळेत शिकले, पण भाऊ परदेशी, मैत्रिणी विखुरलेल्या. जे. पी. नगरातली ही गल्ली, जयम्मा अक्का, कोपऱ्यावरचा फुलवाला. त्याला 'आमचं' म्हणायचं का? फोनवर असलं बोलता येत नाही. म्हटलं, बघू.

अहो म्हणाले, "मला कुठेही चालेल." त्यांचं हे वाक्य मला लग्नापासून न समजलेलं.

२० जानेवारी, मंगळवार

दवाखान्यात पहिला दिवस. गळ्यात बिल्ला. त्यावर 'कुमुदा'. इथे नावाला शेपूट लावल्याशिवाय कुणाला चैन नाही. बासष्ट वर्षं कुमुद होते, आता राहू दे तसंच.

सकाळी जतचे एक काका. लघवीचा त्रास. बाईमाणसाला सांगायचं कसं म्हणून गप्प. शेवटी म्हणाले, "ताई, तुम्ही तिकडं तोंड करा, मी सांगतो." मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं, मग डॉक्टरांकडे वळून कानडीत सांगितलं. असं चार-पाच वेळा गरगर फिरले. डॉक्टर खाली मान घालून लिहितायत, खांदे हलतायत.

कॅन्टीनचा सारू-भात बरा. पाय दुखले. घरी आल्यावर तोंडाची टकळी चालूच. अहोंनी टीव्ही बंद करून ऐकलं. हे विशेष.

३० जानेवारी, शुक्रवार

परत येताना लीलाकडे. ट्रंक बोर्डावर आम्ही शेजारीशेजारी. ती तमिळ घरातली, पण आमचं आपसात कायम कानडी. कॉफी झाली, जुनं निघालं.

लीला म्हणाली, "कुमुद, आपण तेव्हा काय केलं गं? दुसऱ्यांना जोडून दिलं नुसतं."

खरंच. आमच्या सुपरवायझर पद्मा मॅडम म्हणायच्या, तुम्ही म्हणजे तार. तारेला मत नसतं. मधे शब्द टाकायचा नाही. लीलाला तो बेळगावचा गृहस्थ आठवला. दर शनिवारी वसतिगृहातल्या मुलीला फोन करायचा. "जेवलीस का?" "हो." "काय जेवलीस?" एवढ्यात तीन मिनिटं संपायची. पुढे तो फोन बंद झाला. मुलगी घरी गेली, की लग्न झालं, की काही बरंवाईट, कळलं नाही. आम्हाला कुणाचंच पुढचं कधी कळलं नाही.

नंतर एसटीडी आलं, बोर्ड गेला, मला तक्रार विभागात टाकलं. तिथून रिटायर होईपर्यंत लोकांच्या शिव्या. ती वर्षं मी फुकट गेली असं धरून चालले होते. पण आज एक्स-रेच्या रांगेवरून एक माणूस तावातावानं आला, मी काही न बोलता त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि तो आपोआप खाली बसला. ग्रेसी सिस्टर विचारत होत्या, हे कुठे शिकलात?

लीलाला सांगितलं तर हसून हसून कॉफी सांडली. म्हणे, "तक्रार विभागात! दुसरीकडे कुठे!"

३ फेब्रुवारी, मंगळवार

नवे पेशंट दत्तोबा. सांगोल्याजवळच्या गावचे आचारी, लग्नाकार्यांचा स्वयंपाक करणारे. आडवा बांधा, भरघोस मिशा, पांढरा सदरा. हृदयाची झडप खराब. बायको पारूबाई सोबत. मुलगा विकास होसकोट्याच्या कारखान्यात मशीनवर. त्याच्या कंपनीच्या विम्यात आईवडील बसतात म्हणून ऑपरेशन इथे. पण डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी नेमकी त्याची पाळी. म्हणून मी.

दत्तोबांचा पहिला प्रश्न: "ताई, हितलं सांबार कोण करतं? भेट घालून द्या की."

पारूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या. काही विचारलं की नवऱ्याकडे बघायचं. मला त्या गरीब वाटल्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं नीट लिहून ठेवते.

डॉ. शालिनी यायच्या आधी पारूबाईंनी मला जिन्यापाशी ओढलं. "ताई, पाया पडते. डॉक्टरीण धोक्याचं काय बोलली तर त्यांना सांगू नका. भ्याले तर गावाकडं पळतील. निस्तं सांगा, सगळं ब्येस होणार हाय." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तेवढ्यात डॉक्टर आल्याच.

डॉक्टर तरुण, साधं बोलते. म्हणाली, ऑपरेशन करायलाच हवं, पण यांची शुगर आहे, मूत्रपिंडं थकलीत, त्यामुळे यांच्या बाबतीत धोका नेहमीपेक्षा जास्त. हे त्यांना नीट समजावून सांगा, अम्मा.

पलीकडून पारूबाईंची नजर. दत्तोबा एकदा माझ्याकडे, एकदा डॉक्टरकडे. पद्मा मॅडमची तार असते तर जसंच्या तसं पोचवलं असतं. पारूबाईंची बहीण असते तर गिळलं असतं.

शेवटी डॉक्टरला कानडीत म्हटलं, यांच्या घरून विनंती आहे की धोक्याचं बोलू नये, मी काय करू? ती म्हणाली, त्यांनाच विचारा ना, त्यांना किती ऐकायचंय.

विचारलं. "दत्तोबा, डॉक्टर म्हणतात, सगळं सांगू की थोडक्यात?"

ते उठून बसले. "ताई, मी काम घेताना आधी इचारतो, पाणी किती लांब हाय, चूल कुठं मांडायची, पाऊस आला तर काय. न इचारता कढई चढवणारा म्या न्हवं. सांगा सगळं."

सांगितलं. सगळं. हळूहळू, काही न गाळता, वर काही न घालता. त्यांनी ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि भिंतीकडे कूस वळवली.

पारूबाई पिशवी उचलून बाकावरून लांब जाऊन बसल्या.

७ फेब्रुवारी, शनिवार

विकासचा फोन. "काकू, बाबा ऑपरेशनला नाही म्हणतायत. गावी सोडा म्हणतात. आई रडतेय. तुम्ही नक्की काय सांगितलंत?"

डॉक्टर बोलल्या तेच, म्हटलं. तो बरं म्हणाला. त्या 'बरं'मध्ये बरं काही नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

जेवण जात नाही. अहो म्हणाले, "तक्रार विभागात लोक एवढं बोलायचे, तरी घरी येऊन दोन पोळ्या खायचीस."

"तेव्हा ते टेलिफोनवर चिडायचे. माझ्यावर नाही. मी कोण हे त्यांना माहीतसुद्धा नसायचं."

त्यांनी पोळ्यांचा डबा ओढला. मग म्हणाले, "आता माहीत आहे. मग जाऊन भेट." आणि माझ्या ताटात पोळी वाढली. मला कुठेही चालेल म्हणणारा माणूस!

१० फेब्रुवारी, मंगळवार

गेले. वॉर्डात पाय ठेवला तर पारूबाईंनी मान फिरवली. दत्तोबा मात्र खुलले.

"बरं झालं आलात ताई. मधे बोलायला माणूस पायजेच. डॉक्टरशी न्हाई, हिच्याशी. चार दिस झालं, हिला माझं मराठी कळंना."

पारूबाई खिडकीकडे बघत.

"हिला सांगा, मी भ्यालो न्हाई. पाटलांच्या लेकीच्या लग्नाची सुपारी घेतलीया, शब्द दिलाय. ऑपरेशनात आडवा झालो तर मांडवात कोण उभं ऱ्हाणार? आदी लगीन, मग कापा."

मी वळून म्हटलं, "पारूबाई, ते म्हणतायत..."

"त्यांना सांगा, मला ऐकू येतं."

"दत्तोबा, त्यांना ऐकू येतं."

शेजारच्या खाटेवरचे कानडी आजोबा उठून बसले. काय चाललंय ते समजत नव्हतं, पण रस आला होता.

मग पारूबाई वळल्या. कधी न बोलणारी बाई. "त्यांना सांगा, लगीन मी करते."

दत्तोबांचं तोंड उघडंच.

"मसाला कोण करतं इतकी वर्सं? मीठ कोण टाकतं? तेल तापलं का न्हाई कोण बघतं? ह्ये निस्तं पळी घेऊन मांडवात हिंडत्यात आन चव बघत्यात. त्यांना म्हणावं, तुमी कापून घ्या. मी जाते पाटलाकडं."

मला तर दोघांचं मराठी मराठीतच सांगायचं होतं आणि तेही सुचेना.

दत्तोबा म्हणाले, "आसं हाय व्हय." मग माझ्याकडे बघून, "हिला सांगा, आमटीला कोथिंबीर—"

"त्यांना सांगा, मला शिकवू नका."

तेवढ्यात डॉ. शालिनी आल्या. "एनायतु?" काय झालं ते सगळं मी कानडीत सांगितलं, कोथिंबिरीसकट. आजोबांनाही आता कळलं, ते टाळ्या वाजवायचे राहिले. डॉक्टर हसल्या, आणि मग खुर्ची ओढून पारूबाईंच्या समोर बसल्या. म्हणाल्या, यांना विचारा, यांना काय विचारायचंय? एवढे दिवस यांना कुणी विचारलंच नाही.

पारूबाईंनी पदर सारखा केला. "झडप बदलली की माणूस पैल्यासारका हुतो का?"

डॉक्टरांनी घाई केली नाही. काय होईल, काय होणार नाही, जड कढई बराच काळ उचलायची नाही, बसून हुकूम सोडायला हरकत नाही. मी सांगत गेले. शेवटचं ऐकून पारूबाई म्हणाल्या, "ते तर आताबी तेच करत्यात."

सही झाली. शुक्रवारी ऑपरेशन.

बाहेर आल्यावर पारूबाई मागून आल्या. "ताई, राग आला हुता."

"माहितेय."

"आजून स्वल्प हाय." 'स्वल्प' म्हणाल्या! म्हणजे जरासा, इथल्या आयांकडून उचललेला कानडी शब्द. "पर जाईल."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दत्तोबा सकाळीच आत. मला ओपीडीत काम होतं, ग्रेसी सिस्टर म्हणाल्या, जा अम्मा, तिकडे बसा. पारूबाई, मी, आणि आज रजा टाकून आलेला विकास.

पारूबाईंना स्वस्थ बसवेना. विकासच्या फोनवरून गावी दिराला सूचना. "मिरची ब्याडगीच आणा. मालक म्हनत्यात म्हणून न्हाई, मी म्हनते म्हणून." मग फोन ठेवून मला म्हणाल्या, "आवाज चढला का माझा?" म्हटलं, चढला. "चढू द्या," म्हणाल्या, आणि त्याच दमात रडायला लागल्या. विकास घाबरला. मी पारूबाईंचा हात धरून बसले.

दुपारी डॉक्टर बाहेर आल्या. मास्क खाली, चेहरा थकलेला. "आयतु. चेन्नागि आयतु." झालं, छान झालं. पहिल्यांदाच सांगायच्या आधीच समोरच्या माणसाला कळलं होतं. तरी मी मराठीत सांगितलं. ते सांगणं मला सोडायचं नव्हतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मधे ताप आला होता, दोन दिवस पुन्हा काळजीचे. आता उतरलाय. दत्तोबांचा आवाज बारीक झालाय, तक्रारी शाबूत. आहार ठरवणारी मुलगी मीठ कमी म्हणते. दत्तोबा म्हणतात, मीठ कमी करा, पण मग लिंबू वाढवा, तिला येवढंबी ठावं न्हाई? मी दोन्हीकडचं पोचवत होते. शेवटी ती मुलगी लिंबू घेऊन आली. मी बाजूला झाले. त्यांचं आता खुणांनी चालतंय.

पारूबाई उद्या गावी. जाऊ की नको चाललंय. दत्तोबा म्हणाले, "जा. पर सांभाळून." मग मला, "हे तिला पोचवा बरं का नीट." समोर उभी होती ती.

१० मार्च, मंगळवार

विकास वडिलांना दाखवायला घेऊन आला होता. दत्तोबा आता होसकोट्यात त्याच्याकडे आहेत. चेहऱ्यावर रंग आलाय. लग्न पार पडलं. गाव जेवलं. पाटील म्हणाले म्हणे, औंदा आमटी येगळीच हुती. दत्तोबांनी हे मला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा नाराजीनं, दुसऱ्यांदा नाराजीचं नाटक करत.

पारूबाईंना पुढच्या दोन लग्नांची विचारणा आलीय. त्यांच्या नावानं.

मला सगळं कळलं, शेवटपर्यंत. लीलाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या दवाखान्यात तमिळ बोलणारं कोणी आहे का?

१३ मार्च, शुक्रवार

लीला आली. बिल्ल्यावर तिचं नाव बरोबर लिहिलंय, यावरून मी चिडले. आणखी दोन मुली आल्यात, एक बंगाली, एक ओडिया, दोघी आयटीतल्या, आठवड्यातला एक दिवस देणार. ग्रेसी सिस्टर म्हणाल्या, अम्मा, यांना जरा सांगा काम कसं करायचं.

उभी राहिले. कामाचा एवढा अनुभव, आणि बोलायला गेलं की डोकं रिकामं. शेवटी जतच्या काकांची गोष्ट सांगितली, भिंतीकडे तोंड करून. मग पारूबाईंची. बंगाली मुलीनं विचारलं, "आँटी, उन्होंने मना किया था, फिर भी आपने क्यों बताया?" मी म्हटलं, मैंने नहीं बताया, मैंने पूछा. म्हणून झाल्यावर मलाच जरा बरं वाटलं.

२० मार्च, शुक्रवार

प्रसाद आलाय, पाडव्याला. काल गुढी, श्रीखंड, जयम्मा अक्कांचा बेवू-बेल्ला, म्हणजे कडुनिंब-गूळ. पुण्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. अहोंनी काढायचा प्रयत्न केला, मी त्यांना आणखी श्रीखंड वाढलं.

आज मला न्यायला दवाखान्यात आला, वेळेआधीच. मी लातूरच्या एका मुलीबरोबर होते. पहिलटकरीण, नवरा इथे नोकरीला, सासर-माहेर लांब. सिझर म्हटल्यावर थरथरत होती. डॉक्टर एक वाक्य बोलायची, मी सांगायची, ती माझ्या तोंडाकडे बघून मान हलवायची. तिला आत नेलं तेव्हा वळून म्हणाली, "तुम्ही थांबाल ना?" थांबले. मुलगी झाली. नवऱ्याला पेढे कुठे मिळतात ते सांगितलं. मागे वळून बघते तर प्रसाद बाकावर बसलेला. किती वेळ, कोण जाणे. मोबाइल खिशातच.

गाडीत सिग्नलला अडकलो तेव्हा म्हणाला, "आई, हे मला माहीतच नव्हतं."

"फोनवर सांगितलं होतं की."

"सांगितलं होतंस. 'दवाखान्यात जाते' एवढंच." मग, "एक विचारू? पुण्यातल्या दवाखान्यांत कानडी पेशंट येत असतील ना? गुलबर्ग्याकडून, विजापूरकडून?"

"येत असतील."

"मग त्यांचं तिथे कोण बोलतं?"

मला माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही. इतके दिवस इकडून तिकडे जायचं की नाही एवढंच डोक्यात, पण हे कधी मनात आलं नव्हतं. सिग्नल सुटला. मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले आणि आम्ही दोघं तसेच बसलेले.

प्रसाद परवा जाईल. मंगळवारी लातूरच्या मुलीला घरी सोडणार आहेत, तिला बाळाची औषधं समजावून सांगायचीत, ते लीलाला जमणार नाही, मीच हवी. पण पुण्यात कुणाला तरी विचारून बघावं का? नुसतं विचारायला काय जातंय?